राखलेला तांदूळ

थंडर बे, कॅनडा
२ जुलै १९८९

ती. ओदेतताईस,

फारिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सायप्रसमार्गे कुणाच्या तरी कोटाच्या खिशातून आलं. त्याला अजून तंबाखूचा वास येतोय. वास आपल्या बाबांच्या सिगारेटचा नाही हे कळत असूनही मी ते पुन्हा पुन्हा हुंगलं. घरमालकीण मिसेस पेल्टोनेन माझ्याकडे बघून म्हणाल्या, की तुमच्या देशात पत्रं नाकाने वाचतात की काय!

या बाईंबद्दल मागे लिहिलंच होतं. फिनलंडच्या, विधवा, मनाने लोण्यासारख्या. संध्याकाळी सहा वाजले की सूपची ताटली मांडीवर घेऊन आम्ही दोघं टीव्हीपुढे बसतो. बातम्या देणाऱ्याने 'बैरूत' म्हटलं की बाई चमचा खाली ठेवतात. बैरूत संपून हवामान लागलं की चमचा उचलतात. माझ्या वाट्याचं दुःख त्या अशी रोज थोडं थोडं गार सूप पिऊन सोसतात. मी त्यांना हसत नाही, पण तू हसशील म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात चार दिवस एकच इमारत जळताना दाखवली. रोज नवी बातमी, नवे आकडे, इमारत मात्र तीच. मी ओळखली कशी? तिसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर एक निळी चादर वाळत होती, ती चारही दिवस तिथेच. ताई, जी कोण बाई असेल तिला सांग, एकदाची ती चादर आत घे. इकडे बसून माझा जीव टांगणीला लागलाय.

बाईंनी परवा विचारलं, तुमच्याकडे झाडं असतात का? मी आपल्या दारातल्या लिंबाबद्दल सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण विश्वास बसलेला दिसला नाही. खरं सांगू? माझाही बसेनासा झालाय. परवा स्वप्नात आपल्या गल्लीत चाललो होतो. गल्ली टीव्हीच्या काचेएवढीच. काचेच्या कडेपलीकडे बेकरी आहे हे ठाऊक होतं, पावाचा वास येत होता, पण मान वळवली की गल्लीही तेवढीच वळायची आणि बेकरी बाहेरच राहायची. उठलो तेव्हा मान अवघडलेली होती.

आता कामाचं. नुहादचा फोटो इथल्या इमिग्रेशन ऑफिसातल्या माणसाने परत केला. म्हणाला, कान दिसायला हवा आणि दात दिसायला नकोत. आणि आपल्या बयेने बत्तीसच्या बत्तीस दाखवलेत! तिला सांग, दोन वर्षांपूर्वी अंगठी घातलीस, आता लग्नासाठी एवढंच कर: एक मिनिट तोंड मिटून बस. तिला ते जड जाणार हे समोरच्या बाल्कनीतून तिची बडबड ऐकत मोठा झालेला माणूस जाणतो. नवा फोटो आला की कागद पुढे सरकतील, मी येईन, लग्न आपल्याच चर्चमध्ये होईल आणि मग मिसेस पेल्टोनेनना ती झाडांबद्दल सांगेल. हसरा फोटो मी माझ्याकडेच ठेवलाय.

इम्मीला सांग, आईचा आवाज म्हणून तिने पाठवलेली कॅसेट रोज ऐकतो. तिच्या दर दोन वाक्यांमागे 'तुअबुरनी' येतं, तेव्हा बाईंनी अर्थ विचारला. मी सरळ सांगितला: तू मला पुरावंस. बाईंच्या हातून चमचाच पडला. मग समजावलं, की आई मुलाला म्हणते, मी तुझ्याआधी जावं, तुझ्या हातची माती मला मिळावी. आमच्याकडे यापरता लाड नाही. बाई चमचा उचलता उचलता म्हणाल्या, आमच्या आया फक्त टोपी घाल म्हणतात.

पत्र लिहीत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
फारिस


अशरफिये, बैरूत
११ ऑगस्ट १९८९

चि. फारिस यास,

ओदेतचे अनेक आशीर्वाद. इम्मीचे माझ्याहून चार जास्त. ती शेजारी बसून मोजून घेतेय.

पत्र मेणबत्तीवर लिहितेय, तेव्हा मेणाचे डाग पडले तर ते अश्रू समजू नकोस. तुझ्या टीव्हीच्या संगतीने तुला हल्ली सगळीकडे तेच दिसतं.

पहिली गोष्ट, ती निळी चादर. तिला आम्हीही ओळखतो! बंदराकडच्या रस्त्यावरची ती इमारत कधीपासून रिकामी आहे, आता आत घ्यायला तिथे कुणी नाही. कॅमेरेवाले हॉटेलातून निघतात आणि पहिली जळकी इमारत दिसते ती घेतात. त्यांचं तरी काय चुकलं, आमच्या गल्लीत येऊन काय मिळणार? जिन्यात बसून भेंडी निवडणाऱ्या बायका?

हो, आम्ही सगळे जिन्यात राहतो. दोन्ही बाजूंना जाड भिंती आहेत म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर अख्खी इमारत गाद्या टाकून झोपते; समोरची नुहाद आणि तिची आई मातिल्द मावशीही आमच्यातच असतात. सकाळी कॉफी झाली की एकेकाने रात्रीचं स्वप्न सांगायचं, असा आता रिवाजच पडलाय. इम्मी त्यांचे अर्थ लावते, कपातल्या कॉफीच्या गाळासारखे. फार्मसीवाले जोर्ज काका रोज स्वप्नात पोहतात, आणि तेही पाणी नसलेल्या समुद्रात. परवा इम्मी स्वतः तुझ्या गावी जाऊन आली. म्हणाली, तिथली सगळी माणसं लोकरीची आहेत आणि फारिस त्यांच्यात ओला उभा आहे. अर्थ विचारला तर म्हणाली, त्याला सर्दी झालीय, दुसरं काय!

इथला आवाज थांबतो ना, तेव्हा जी शांतता येते ती तुला तुझ्या काचेतून दिसायची नाही. त्या शांततेत बाल्कन्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे पडदे आत येतात, बाहेर जातात, जणू घरं श्वास घेतायत. कुणीतरी केस धुतं. कुणाचा तरी कॅनरी पक्षी गातो. मग पुन्हा सुरू होतं आणि आम्ही पुन्हा जिन्यात.

आता तक्रार ऐक. पावाच्या रांगेत अर्धा दिवस जातो, डाळही संपत आलीय, आणि इम्मीच्या पलंगाखाली पांढऱ्या कापडाच्या पिशवीत उत्तम तांदूळ पडून आहे. तुमच्या लग्नाचा! समोरच्या दारातून नुहाद नवरी होऊन निघाली की बाल्कनीतून उधळायचा म्हणून राखलेला. मी म्हटलं, शिजवू या, लग्नाला नवा आणू. इम्मी म्हणाली, उपाशी मर, पण त्या पिशवीला हात लावलास तर याद राख. तेवढ्यात नुहाद आली. ती म्हणाली, मावशी, अर्धा शिजवा, मी एवढीशी तर आहे, मला अर्धा पुरेल. इम्मीने तिच्या गालावर चापट मारली आणि त्याच गालाचा मुका घेतला.

फोटोचा निरोप तिला दिला. काल जिन्यात मेणबत्ती धरून, आरसा घेऊन तिने तोंड मिटायचा सराव केला. सगळी इमारत बघत होती. नुहादने डोळे वटारले, ओठ घट्ट मिटले, कानामागे केस सारले आणि आता झालं असं आम्हाला वाटतंय तोच मातिल्द मावशीला ठसका लागला. मग काय, मायलेकी दोघी हसून हसून पायरीवर आडव्या. मावशी डोळे पुसत म्हणाली, तुअबुरनी, अशी तोंड मिटलेली मुलगी कॅनडाला नेऊन तो करणार तरी काय! नुहादने कळवलंय, की एखादी सकाळ जरा निवांत मिळाली की ती केस बसवून घेईल आणि स्टुडिओत जाईल. तोवर ऑफिसातल्या माणसाला सांग म्हणे, की तोंड बंद ठेवल्याचा हिशेब लग्नानंतर चुकता होईल.

मिसेस पेल्टोनेनना झाडाचा पुरावा म्हणून लिंबाचं पान पाठवतेय. पोचेतो वाळेल, पण चुरगळून बघायला सांग.

जीव जपून राहा. वीज नसली तरी चालेल, जिव्हाळा असू दे.

तुझी,
ओदेत


थंडर बे
२७ सप्टेंबर १९८९

ती. ओदेतताईस, आणि इम्मीस,

सा. न. वि. वि.

युद्धबंदी! इथे काय घडलं ते आधी सांगतो.

कारखान्यात फोरमनने मशीन चालू असताना येऊन माझा हात हाती घेऊन खांद्यापासून हलवला. आम्ही इथे वर्तमानपत्राचा कोरा कागद करतो. तो म्हणाला, आज तुमच्यासाठी चांगली बातमी छापायला कागद देऊ. नाव ठाऊक नसलेल्या लोकांनी पाठीवर थापा मारल्या. आणि त्या संध्याकाळी टीव्हीवर आपली गल्ली आली!

ताई, आपली गल्ली. पट्ट्यांचे पडदे, वाकडा दिवा, सगळं. बातमीदार सांगत होता, की युद्धबंदी होताच बैरूतच्या रहिवाशांनी आनंदोत्सव केला. बाल्कन्यांमधून बायका तांदूळ उधळत होत्या. खालून जीभ नाचवत घातलेल्या किलकाऱ्या आणि टाळ्या येत होत्या; खालचं काही दिसलं नाही, पण मुलं नाचत असणार. आणि दुसऱ्या मजल्यावर काळ्या झग्यात इम्मी! मी उठून ओरडलो, सूप सगळं गालिच्यावर. मिसेस पेल्टोनेन रडल्या आणि वेलची घातलेला गोड पाव करायला घेतला. मी लेकराएवढा झालो होतो. स्वप्नातली ती काच कुणीतरी पुसली आणि पलीकडे तुम्ही होतात, असं वाटलं.

पण तेच चित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवलं. आणि तिसऱ्या दिवशीही. दुसऱ्यांदा बघताना माझं लक्ष इम्मीच्या हाताकडे गेलं. ती तांदूळ पांढऱ्या कापडाच्या पिशवीतून काढत होती.

ताई, इम्मीने आजवर शंभर युद्धबंद्या पाहिल्या. ती युद्धबंदीवर चिमूटभर मीठसुद्धा उधळायची नाही. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा मी इम्मीकडे बघितलंच नाही, समोरच्या बाल्कनीकडे बघितलं. मातिल्द मावशीच्या कठड्यावर पांढऱ्या साटीनच्या फिती. बाल्कनीच्या दारावर पांढरी फुलं. मावशीला दोघी बायकांनी धरलं होतं, जशी मुलीची पाठवणी करताना आईला धरतात. आणि नुहाद बाल्कनीत नव्हती. नवरी बाल्कनीत कशी असेल?

जुलैनंतर तिचं पत्र नाही. मी लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर नाही. नवा फोटो नाही. टपालाला दोष देत होतो. आता सरळ विचारतो, सरळ उत्तर दे: त्या दिवशी समोरच्या दारातून कुणाची वरात निघाली? आणि माझ्या लग्नाचा तांदूळ इम्मीने कुणावर उधळला?

उत्तर येईपर्यंत मी सहाच्या बातम्या बघणार नाही.

तुमचाच, अजूनपर्यंत तरी,
फारिस


अशरफिये, बैरूत
२२ ऑक्टोबर १९८९

चि. फारिस यास,

अनेक आशीर्वाद.

विमानतळ उघडलाय, त्यामुळे हे पत्र लवकर पोचेल. इथे वीज दिवसातून थोडा वेळ येते. समुद्र शांत आहे. ऑलिव्ह उतरवलेत, इम्मीने मिठात घातलेत; यंदा कडू निघाले. आम्ही जिन्यातून आपापल्या घरी परतलो. पण पलंगावर झोप लागत नाही. पायऱ्यांची सवय झाली होती आणि सकाळी स्वप्न सांगायला कुणी नसतं. मला हल्ली एकच पडतं. मी बाल्कनीत उभी आहे आणि खालचा रस्ता पाण्यासारखा संथ वाहतोय, त्यावर काहीतरी पांढरं तरंगत जातंय, आणि मी हाक मारायला जाते तर तोंडात तांदूळ. इम्मीला सांगितलं. तिने अर्थ लावला नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मी दोन कागद फाडले. तू पाहिलंस ते पाहिलंस. तांदूळ तोच होता. नुहाद आता समोरच्या घरात राहत नाही. ती तिच्या घरी गेली असं समज, आणि तिच्यासाठी फॉर्म भरणं, फोटोची वाट बघणं सोडून दे. माणसाच्या हाती सगळंच नसतं, तिच्याही हाती नव्हतं. तिच्यावर रागावू नकोस. फार रागावलास तर माझ्यावर रागाव, मला सोसेल.

इम्मीला पत्र वाचून दाखवताना जपून वाचते, तेव्हा तिला वेगळं काही लिहू नकोस. तू तिकडे मार्गी लाग. तिथेही चांगल्या मुली असतील, लोकरीच्या का असेनात.

ताईवरचा लोभ, राग गेला की, परत दे.

ओदेत


थंडर बे
१६ नोव्हेंबर १९८९

ताई,

स. न. तुझं उत्तर मिळालं. म्हणजे मी बरोबर ओळखलं होतं. त्याचं तरी समाधान मानावं.

कोण आहे तो? आखातातून पैसा घेऊन आलेला कुणी, की गल्लीतलाच? नको, सांगू नकोस. बाहेर वेळी-अवेळी युद्ध चालू असताना माणूस जवळ असलेल्याचा हात धरतो, हे मला कळतं. मी इथे टीव्हीपुढे सूप पीत बसलेला माणूस. पण एक ओळ लिहायला काय झालं होतं? मला हे एका परक्या बातमीदाराने सांगावं? आणि तेही चुकीचं नाव देऊन? त्याने युद्धबंदी म्हटलं म्हणून इथल्या अख्ख्या गावाने माझं अभिनंदन केलं. माझ्या होणाऱ्या बायकोचं लग्न लागलं म्हणून मी गोड पाव खाल्ला, ताई.

मातिल्द मावशीला माझा निरोप दे. शब्द न बदलता दे. म्हणावं, मुलीचं अभिनंदन. एका फोटोपुरतं तोंड मिटून बसायला सांगितलं तर तिला तेवढी कळ काढवली नाही, तिच्याकडून वर्षानुवर्षं वाट पाहण्याची आशा धरणारा मीच खुळा. आणि इम्मीला सांग, तांदूळ कामी आला, छान झालं. नाहीतर किडा लागला असता.

सरोवर कडेने गोठायला लागलंय. महिन्या-दीड महिन्यात बर्फ माणसाला पेलण्याइतका जाड होईल. मिसेस पेल्टोनेनचा भाऊ मासे धरायला त्यात गोल भोक पाडतो, खाली काळं पाणी असतं. तो हसरा फोटो मी त्यात सोडणार आहे. फाडवत नाही म्हणून.

फारिस


अशरफिये, बैरूत
९ डिसेंबर १९८९

माझ्या डोळ्यांच्या उजेडा, फारिस,

इम्मीचे आशीर्वाद.

पत्र मीच लिहितेय. अक्षर वाकडं येईल. ओदेत समोर बसून रडतेय, तिला रडू दे. तुझं पत्र ती 'जपून' वाचत होती. मी म्हटलं, थांब, एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच लिहिलंय होय? आणि हिसकावून घेतलं. चष्मा लावून सगळं वाचलं. तुझा मातिल्दला धाडलेला निरोपही वाचला. तो तिच्या कानावर गेलेला नाही आणि जाणारही नाही.

बाळा, तू कुणाचा मुलगा आहेस? कुठल्या गल्लीत वाढलास? बारा वर्षांचा होतास तेव्हा बेकरीवाल्यांचा इलियास बुडून गेला. त्याची पांढरी शवपेटी मुलांनी खांद्यावर नाचवत नेली, तेव्हा माझ्याशेजारी उभं राहून, दोन्ही मुठी भरून तांदूळ कुणी उधळला होता? लग्नाआधी मूल गेलं की आपण त्याला रडत नेत नाही. त्याची वरात काढतो. किलकाऱ्या घालतो, टाळ्या वाजवतो, दाराला पांढरी फुलं बांधतो. हे तुला मी शिकवायचं? बातमीदार आनंद म्हणाला, तर त्या परक्या माणसाला काय ठाऊक! पण तो आनंद म्हणाला आणि तुलाही आनंदच दिसला. तीनदा बघून दिसला. मातिल्दला दोघींनी धरलं होतं हे तू पाहिलंस, माझं तोंड नाही पाहिलंस?

तो कॅमेरेवाला मला आठवतो. युद्धबंदी झाली म्हणून लोक हसताना घ्यायला आला होता. कॅमेरा वर धरून बाल्कन्या घेत होता. हातभर खाली केला असता तर त्यात नुहाद आली असती.

आता ऐक, मी एकदाच लिहीन. युद्धबंदीच्या आधीच्या आठवड्यात एक सकाळ शांत गेली. तिने केस बसवून घेतले. छान दिसत होते. मला दाखवायला वर आली, कान दिसतोय ना मावशी, म्हणाली. मी म्हटलं, कान दिसतोय, आता दात आवर. ती हसत गेली. स्टुडिओच्या रस्त्यावर गोळा पडला. लगेच गेली असं सांगतात, मी ते खरं मानते. रस्ते बंद होते म्हणून आम्ही तिला चर्चमध्ये ठेवलं, आणि बंदुका थांबल्या त्या पहिल्या सकाळी घेऊन निघालो.

ओदेतला वाटलं, फोटोसाठी गेली होती हे तुला कळलं तर तू जन्मभर स्वतःला खाशील. त्यापेक्षा मुलीने दगा दिला असं समजशील, चिडशील, दुसरी करशील, जगशील. तिने तुझ्या मायेपोटी केलं, तिला एक शब्द बोलायचा नाही. मीही गप्प बसले असते. पण ती मुलगी मातीत आहे फारिस. तिच्याजवळ आता नावाखेरीज काही उरलेलं नाही, आणि तू त्यालाच डाग लावलास. ते मला बघवलं नाही. तिने वाट पाहिली. सगळ्या गल्लीदेखत पाहिली. तुझा तांदूळ मी तिच्यावर उधळला, कारण तो तिचाच होता. अर्धा पुरेल म्हणाली होती, मी पिशवी झटकून रिकामी केली.

आणि स्वतःला खायचं नाही. तिला कुणी ढकललं नव्हतं. तिला यायचं होतं. ती तुझ्याकडे यायला निघाली होती, एवढंच ध्यानात ठेव.

एक गोष्ट तुला अजून कुणी सांगितलेली नाही. पेटी दारातून बाहेर काढली तेव्हा मातिल्द बाल्कनीतून खाली वाकली आणि रोज मुलगी बाहेर पडताना म्हणायची तसं सवयीने मोठ्याने म्हणाली: तुअबुरनी! मग तिचं तिलाच कळलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तेव्हापासून गल्लीत हा शब्द कुणी मोठ्याने म्हणत नाही. परवा जोर्जची बायको नातवाला म्हणता म्हणता मध्येच थांबली.

मीही थांबले होते. आता इथे लिहिते. तुअबुरनी, फारिस. तू मला पुरावंस. उलटं होऊ देऊ नकोस, टोपी घालत जा.

फोटो पाण्यात सोडला असशील तर देवाची मर्जी. नसशील तर ठेव. त्या ऑफिसला तो चालला नाही, आपल्याला चालतो. इथे मातिल्दकडे तिचा हसतानाचा एकही नाही. जो तो तिला तोंड मिटायला सांगत राहिला.

तुझी,
इम्मी


थंडर बे
१४ जानेवारी १९९०

ती. इम्मीस,

फारिसचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बर्फ पुरेसा जाड झाला होता. भोकही पाडलेलं होतं आणि फोटो माझ्या कोटाच्या खिशात होता. मिसेस पेल्टोनेन पत्र घेऊन बर्फावरून चालत आल्या, कारण पाकिटावरचं अक्षर त्यांना नवं दिसलं. मी तिथेच, उभ्याने वाचलं. नंतरचं मला नीट आठवत नाही. बाईंनी हाताला धरून घरी आणलं.

त्यांना मी सगळं सांगितलं, पांढऱ्या पेटीपासून. त्या टीव्हीच्या बंद काचेकडे वळल्या. म्हणाल्या, मी त्या दिवशी पाव भाजला. मी म्हटलं, मी खाल्ला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाचं पुडकं घेऊन आल्या. इथला तांदूळ आपल्यासारखा नाही, बुटका, खिरीचा. आम्ही दोघं सरोवरावर गेलो आणि उधळला. किलकारी मला जमली नाही. बाईंनीच जमेल तशी काढली, बर्फावर लांबपर्यंत गेली. चिमण्या आल्या.

मातिल्द मावशीसाठी फोटोची प्रत करून या पाकिटात घातलीय. इथला स्टुडिओवाला म्हणाला, ओठ जरा मिटवून देऊ का, आता तशी सोय आहे. मी नको म्हटलं. तिला तो तू तुझ्या हाताने दे. माझा तो निरोप तिला कधी कळू नये. उन्हाळ्यात येईन तेव्हा तिच्या पायाशी बसेन, तेवढंच मला करता येईल.

ताईला म्हणावं, राग नाही. तिच्या त्या स्वप्नाचा अर्थ आता लाव. आणि पिशवी धुऊन ठेव, टाकू नकोस.

मूळ फोटो बाईंनी टीव्हीवर ठेवलाय. मी म्हटलं, तिथे नको. त्या म्हणाल्या, तिथेच. आता सहा वाजता बातम्या लागतात, कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या, लोक कुठल्या तरी बाल्कन्यांत उभे असतात आणि एक माणूस त्यांना काय वाटतंय ते सांगतो. बाई चमचा खाली ठेवतात. मी वर बघतो. ती सगळे दात दाखवून हसत असते.

इम्मी, तो शब्द मुलाने आईला म्हणायचा नसतो, ठाऊक आहे. तू म्हणत राहा. मोठ्याने म्हण, बाल्कनीत उभी राहून म्हण.

टोपी घालतो.

तुझा,
फारिस